पाठांतराच्या हट्टाला उत्तर

कराडला नुकत्याच झालेल्या एका कार्यशाळेत विद्यार्थ्यांच्या हाती एक लेखी सूचना दिली गेली. टर्मिनलवर काम करताना कुणीही स्वतःचे शॉर्टकट करून ठेवू नयेत, आधीचे असतील तर काढून टाकावेत, प्रत्येक कमांड प्रत्येक वेळी पूर्ण टाइप करावी. कारणंही खाली दिली होती. शॉर्टकटमुळे मूल आळशी होतं, कमांडच्या आत काय चाललंय ते त्याला कळत नाही, आणि दुसऱ्याच्या मशीनवर बसवलं की त्याचे हात अडखळतात. आयोजकांचं नाव घ्यायचं कारण नाही, कारण हे मत त्यांच्या एकट्याचं नाही. लॅबमध्ये आयुष्य घालवलेल्या, मुलांबद्दल खरी कळकळ असलेल्या अनेक शिक्षकांकडून मी ते ऐकलं आहे. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. मत मात्र चुकीचं आहे, आणि कोयनेच्या खोऱ्यात भूकंपांच्या नोंदींवर काम करणाऱ्या मुलांना ते लागू केलं तर त्यातून नुकसान होतं, असं माझं म्हणणं आहे.

ज्यांनी टर्मिनल पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पडद्यावर एक ओळ लिहायची, एंटर मारायचं, की संगणक ते काम करतो. माउस नाही, बटणं नाहीत. ही ओळ, म्हणजेच कमांड, कधी दोन अक्षरांची असते, तर कधी इतकी लांब की पडद्याच्या दोन-तीन ओळी भरून जातात. भूकंपाच्या नोंदी हाताळणाऱ्यांना या लांब ओळी रोज लागतात. अशी ओळ एकदा नीट लिहून तिला छोटं नाव द्यायचं आणि ते बॅशआरसी नावाच्या फाइलमध्ये नोंदवून ठेवायचं, अशी सोय संगणकात आहे. तिला एलियस म्हणतात. काम जरा गुंतागुंतीचं असलं तर एलियसऐवजी फंक्शन लिहितात. पुढच्या वेळी ते नाव लिहिलं की अख्खी ओळ चालते. वाद या सोयीवरून आहे.

कोयनानगरच्या माणसाला भूकंपाची ओळख करून द्यावी लागत नाही. 11 डिसेंबर 1967च्या पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी 6.3 महत्तेच्या भूकंपानं हे गाव आडवं केलं. खोऱ्यातली सुमारे दोनशे माणसं गेली. जलाशयातल्या पाण्यामुळे चालना मिळालेल्या भूकंपांत तो जगातला सर्वांत मोठा मानला जातो. 1962च्या सुमारास कोयनेचा शिवसागर जलाशय भरू लागला तेव्हापासून इथली जमीन हलते आहे, ती अजून थांबलेली नाही. त्यामुळे पाटण, हेळवाक, मोरगिरीकडची मुलं भूशास्त्राकडं वळतात तेव्हा ती कुतूहल घरून घेऊन येतात. आजीनं सांगितलेला धक्का नकाशावर नेमका कुठं होता, हे त्यांना बघायचं असतं. मी अशाच काही मुलांबरोबर सर्वांना खुल्या असलेल्या याद्यांमधून इथले भूकंप काढण्याचं आणि त्यांचे नकाशे करण्याचं काम करते. पुढची उदाहरणं त्या कामातली आहेत.

नकाशासाठी आम्ही जीएमटी नावाचं सॉफ्टवेअर वापरतो. पॉल वेसल आणि वॉल्टर स्मिथ यांनी 1980च्या दशकाच्या अखेरीस ते रचायला घेतलं. आज जगभरचे भूशास्त्रज्ञ ते वापरतात आणि ते मोफत आहे. त्यात नकाशाची चौकट सांगताना आधी पश्चिमेची सीमा, मग पूर्वेची, मग दक्षिणेची, मग उत्तरेची असा क्रम लागतो. कोयना आणि वारणा या दोन्ही जलाशयांचा परिसर धरायचा तर 73.4, 74.1, 17.0, 17.6 असे आकडे येतात. पण आपण बोलताना अक्षांश आधी म्हणतो. कोयना कुठं आहे विचारलं तर 17.4 उत्तर, 73.7 पूर्व असंच तोंडात येतं. शाळेच्या भूगोलातही तोच क्रम, आणि भूकंपांच्या यादीतही तोच. अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेची यादी उतरवून घेतली की तिचे स्तंभ वेळ, अक्षांश, रेखांश, खोली, महत्ता अशा क्रमानं येतात. जीएमटीला रेखांश आधी हवा. शिवाय त्याची स्तंभांची मोजणी शून्यापासून सुरू होते. म्हणून ओळीत 'उणे आय, 2, स्वल्पविराम, 1' असा एक बारीक तुकडा घालावा लागतो. त्याचा अर्थ, आधी 2 क्रमांकाचा स्तंभ घे, मग 1 क्रमांकाचा.

एका मुलीनं ही सगळी ओळ नियमाप्रमाणं हातानं पूर्ण टाइप केली. चौकटीचे आकडे फक्त तिनं बोलण्याच्या क्रमानं घातले, आधी अक्षांश, मग रेखांश. "मॅडम, नकाशा कोराच येतोय," ती म्हणाली. पडद्यावर चूक झाल्याचा संदेश नव्हता, लाल अक्षरं नव्हती. जीएमटीनं सांगितलेलं काम चोख केलं होतं. 17 पूर्व आणि 74 उत्तर या जागी नॉर्वेच्या उत्तरेला, स्वालबार्डच्या वाटेवर, नुसता समुद्र आहे. त्या समुद्राचा अचूक नकाशा तिच्या हातात आला होता.

नकाशा कोरा आला म्हणून निदान चूक लक्षात तरी आली. चौकट बरोबर आणि स्तंभ मात्र उलटे, असं झालं तर काय होतं? नकाशा सुंदर येतो. जलाशय हवा तिथं दिसतो. भूकंपाचा एकही ठिपका दिसत नाही, कारण सगळे ठिपके चौकटीबाहेर पडलेले असतात आणि बाहेरचं काही काढायचं नाही हे प्रोग्रॅमला माहीत असतं. नवखं मूल त्यावरून काय समजेल? या वर्षी इथं भूकंप झाले नाहीत, असंच ना? पूर्ण टाइप केल्यानं ही चूक टळत नाही. उलट प्रत्येक वेळी नव्यानं टाइप करणं म्हणजे ही चूक करण्याची संधी प्रत्येक वेळी नव्यानं देणं.

दुसरं उदाहरण 1967च्या त्या भूकंपाचंच. यादीतल्या वेळा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत असतात, आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे. म्हणजे जो भूकंप इथल्या प्रत्येक घरात 11 डिसेंबरचा म्हणून सांगितला जातो, तो यादीत 10 डिसेंबरला, 22 वाजून 51 मिनिटांनी नोंदलेला आहे. मुलं यादी मागवताना साहजिकच 11 डिसेंबरपासून मागवतात. यादी येते, त्यात नंतरचे धक्के असतात, आणि मुख्य भूकंपच नसतो. ज्या भूकंपानं आपलं गाव पाडलं तो जगाच्या यादीत नाही, असं मानून बसलेला एक मुलगा मी पाहिला आहे. त्याच्या आजोबांचं घर त्यात गेलं होतं. त्याचा राग खरा होता, त्याला कारण ठरलेली चूक मात्र साडेपाच तासांची होती.

आता आमच्या फाइलमध्ये याद्या मागवण्याची जी कमांड नोंदलेली आहे, तिच्यात आपली तारीख द्यायची असते. साडेपाच तास वजा करण्याचं काम ती कमांडच करते. तिच्या वर हॅशची खूण करून शेरा लिहिला आहे, यादीतली वेळ यूटीसी आहे, 1967चा मुख्य धक्का तिथं 10 तारखेला सापडेल. हे फाइल उघडणाऱ्या प्रत्येकाला वाचायला मिळतं. शॉर्टकटमुळे चार अक्षरं वाचतात, ही त्याची सर्वांत लहान कमाई आहे. मोठी कमाई ही की एकदा ठेच लागून जे कळलं, ते पुढच्या मुलासाठी लिहून राहतं. शॉर्टकटला विरोध करणारे शिक्षक नेमकं हे लिहून ठेवणंच बंद करायला सांगत आहेत, आणि त्याला शिस्त म्हणत आहेत.

'हात बसला पाहिजे', हा त्यांचा सर्वांत लाडका मुद्दा. हात कशावर बसला पाहिजे, एवढं मला विचारायचं आहे. पश्चिम-पूर्व-दक्षिण-उत्तर हा क्रम हा भूशास्त्राचा नियम नाही. तो एका प्रोग्रॅमच्या कर्त्यांनी एकदा घेतलेला निर्णय आहे. दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये तो वेगळा असतो. मुलाला समजायला हवं ते हे की अक्षांश आणि रेखांश उलटे पडू शकतात, पडले तर नकाशावर काय दिसतं, आणि ते कसं तपासायचं. हे समजलेल्या मुलानं तो क्रम रोज नव्यानं टाइप केल्यानं त्याच्या ज्ञानात काडीचीही भर पडत नाही. शिवाय, कमांडला नाव देऊन ती जपून ठेवायची तर तिच्यातलं काय कायमचं आणि काय बदलतं, हे आधी ठरवावं लागतं. चौकट कायमची, वर्ष बदलणारं. स्तंभांचा क्रम कायमचा, फाइलचं नाव बदलणारं. एवढं ठरवता येणं म्हणजे कमांड समजणं. ज्याला ती समजलेली नाही त्याला तिचा चांगला शॉर्टकट लिहिताच येत नाही. टाइप मात्र ती न समजताही करता येते, फळ्यावरून वहीत उतरवून घ्यावी तशी.

याहून नाजूक ठिकाण दाखवते. धक्क्याच्या मूळ नोंदीवर काम करायला सॅक नावाचा प्रोग्रॅम वापरतात. तो कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतून आला. नोंदीतला वारा, रहदारी, जमिनीची मंद हालचाल बाजूला काढण्यासाठी तिच्यावरून फिल्टर फिरवावा लागतो. समजा, सेकंदाला 1 ते 10 कंपनं एवढा पट्टा ठेवायचा. या कमांडच्या शेवटी एक आकडा असतो, फिल्टर किती वेळा फिरवायचा, 1 की 2. दोनदा म्हणजे एकदा पुढून, एकदा मागून. दोनदा फिरवलेली नोंद दिसायला स्वच्छ, लहर आपल्या जागी. पण मागून फिरवल्यामुळे पहिली लहर पोचण्याच्या थोडं आधीच रेषा थरथरू लागते. अशा नोंदीवर आगमनाची खूण केली तर ती खऱ्या क्षणाच्या आधी पडते. सर्वांत आधी पोचणारी पी लहर इथल्या खडकातून सेकंदाला साधारण 6 किलोमीटर जाते. म्हणजे एक दशांश सेकंदाची चूक ही अर्ध्या किलोमीटरहून मोठी. कोयनेचे धक्के उथळ, बहुतेक पहिल्या दहा किलोमीटरमधले. तिथं ही चूक डोळ्याआड करण्यासारखी नाही. म्हणून आगमन टिपायचं असेल तर 1. हा एक अंक सातत्यानं बरोबर पडावा यासाठी मुलांच्या बोटांवर भरवसा ठेवायचा, की एकदा ठरवून, कारण लिहून, फाइलमध्ये ठेवायचा? फाइलमध्ये ठेवायचा, यात मला तिळमात्र शंका नाही.

याच्याही पुढचं एक कारण आहे आणि मला ते सर्वांत मोठं वाटतं. कोयनेचं महत्त्व साठ वर्षांच्या अखंड नोंदीत आहे. हर्ष गुप्ता आणि हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी जलाशयाची पातळी आणि धक्के यांचं नातं दाखवलं, ते वर्षानुवर्षं एकाच रीतीनं मोजलेल्या नोंदी हाताशी होत्या म्हणून. वारणेचं धरण 1985पासून भरू लागलं आणि पुढं धक्क्यांचं क्षेत्र दक्षिणेकडं सरकलेलं दिसलं, तेही तसंच. सरकलं असं म्हणायला आधी कुठं होतं ते त्याच मापानं मोजलेलं लागतं. याच भागातल्या गोठण्याला 2017 साली तीन किलोमीटर खोल भोक पाडलं गेलं, बेसाल्टचा थर ओलांडून खालच्या ग्रॅनाइटमध्ये, तेही ही मोजणी धक्क्यांच्या जवळ नेण्यासाठी. अशा जागी दहा मुलांनी दहा दिवशी दहा कमांड हातानं टाइप कराव्यात, कुणी फिल्टर एकदा फिरवावा, कुणी दोनदा, कुणी चौकट 17.0पासून घ्यावी, कुणी 17.2पासून, आणि मग त्या दहा नकाशांची तुलना करावी, याला शास्त्र म्हणता येत नाही. तुलना करायची तर कृती तीच हवी, आणि कृती तीच ठेवायची तर ती लिहून ठेवलेली हवी.

'दुसऱ्याच्या मशीनवर काय करतील?' हाही प्रश्न नेहमी येतो. नेतील ना आपली फाइल सोबत. ती काही किलोबाइटची असते, ईमेलनं जाते, पेनड्राइव्हवर जाते. नेता आली नाही तर ती वाचून पूर्ण ओळ लिहितील. टर्मिनलवर नुसतं एलियस असं लिहिलं की सगळे शॉर्टकट त्यांच्या पूर्ण रूपासह समोर येतात. फंक्शन असेल तर टाइप या कमांडला त्याचं नाव द्यायचं, अख्खा मजकूर दिसतो. आत काय आहे ते झाकलेलं नाही, एका शब्दाच्या अंतरावर आहे. उलट पाठ केलेल्या ओळीचं काय होतं, तेही बघा. जीएमटीच्या पाचव्या आवृत्तीपासून सगळ्या कमांडच्या आधी जीएमटी हा शब्द लावायची रीत आली. सहाव्या आवृत्तीतल्या नव्या पद्धतीत किनारा काढणाऱ्या पीएसकोस्टचं नुसतं कोस्ट झालं. ज्यांचे हात जुन्या ओळींवर बसले होते त्यांना ते हात पुन्हा बसवावे लागले. ज्यांच्याकडे फाइल होती त्यांनी ती एका जागी दुरुस्त केली आणि कामाला लागले.

शिवाय लघुरूपाला विरोध करायचा तर टर्मिनलवरच्या मूळ कमांड ज्या प्रणालीतून आल्या त्या युनिक्सलाच करावा लागेल. यादी दाखवणारी कमांड एलएस, नक्कल करणारी सीपी, जागा बदलणारी एमव्ही. 1970च्या आसपास बेल लॅब्समध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची हे घडवत होते, तेव्हा त्यांच्यासमोर टेलिटाइप होता, सेकंदाला दहा अक्षरं ठोकणारा. तिथं लांब नाव म्हणजे वाट पाहणं. पुढं बर्कलीत बिल जॉय यांनी सी शेल हा कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम लिहिला आणि 1970च्या दशकाच्या अखेरीस एलियस आणि आधीच्या कमांड परत बोलावण्याची सोय त्यात दिली. म्हणजे ज्या कमांड पूर्ण टाइप करा म्हणून आग्रह धरला जातो, त्या स्वतःच कुणीतरी ठरवून ठेवलेले शॉर्टकट आहेत. बेल लॅब्समधल्या माणसांनी केले ते चालतात, पाटणच्या मुलीनं तिच्या कामासाठी केलेला चालत नाही, याला काय आधार आहे?

आणि टेलिटाइपचा तो वेग आमच्याकडं इतिहासजमा झालेला नाही. जुलैत कोयनानगरला पाऊस लागला की मोबाइलचं नेटवर्क येतं-जातं. दूरच्या सर्व्हरवर जोडून काम करायचं तर एकेक अक्षर पडद्यावर उमटायला वेळ लागतो, मधेच जोडणी तुटते आणि अर्धी ओळ हवेत राहते. पुण्यातल्या वातानुकूलित लॅबमध्ये दोनशे अक्षरांची ओळ टाइप करणं ही चिकाटीची परीक्षा असेल, इथं ती दिवसभराच्या कामाचा निकाल लावते. जी मुलं मराठी शाळेतून आलेली आहेत, कीबोर्डवर ज्यांचा हात अजून सावकाश फिरतो, त्यांना पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत आपल्या खोऱ्याचा नकाशा पडद्यावर दिसला, तर ती दुसऱ्या दिवशी परत येतात. 'आधी कष्ट, मग सोय' हे तत्त्व ज्यांना वेळ आणि साधनं दोन्ही मिळाली त्यांनी, न मिळालेल्यांवर लादू नये. मला या गोष्टीची चीड आहे आणि ती मी लपवत नाही.

विरोधकांचं एक म्हणणं मात्र बरोबर आहे आणि ते पूर्ण मान्य करायला हवं. फाइल पुसणारी कमांड आरएम. ती विचारत नाही, पुसून मोकळी होते. म्हणून पुष्कळ जण आरएम याच नावाचा एलियस करतात, जो पुसण्याआधी 'नक्की ना?' असं विचारतो. रेड हॅट घराण्याच्या लिनक्समध्ये मुख्य प्रशासकाच्या खात्याला हा एलियस तयारच दिलेला असे. महिनाभर त्याची सवय लागली की मूल बेफिकीर होतं, कारण मशीन विचारणारच आहे. मग एके दिवशी ते अशा मशीनवर बसतं जिथं हा एलियस नाही. तिथं कुणी विचारत नाही, आणि फोल्डर गेलेलं असतं. हा धोका खरा आहे. पण तो शॉर्टकट ठेवण्यातून आला का? तो जुन्या नावाला नवा अर्थ दिल्यातून आला. म्हणून आमच्याकडं एकच कडक नियम आहे, अस्तित्वात असलेल्या कमांडचं नाव कधीही वापरायचं नाही. नवं काम, नवं नाव. विचारून पुसणारी कमांड हवी तर तिला वेगळं नाव द्या. ते नाव दुसऱ्या मशीनवर नसेल तर कमांड सापडली नाही असा संदेश येईल आणि फाइल जागच्या जागी राहील. हा नियम शिकवायला पाच मिनिटं लागतात. तो न शिकवता सगळ्याच शॉर्टकटवर बंदी घालणं हा शिक्षकाचा आळस आहे, विद्यार्थ्याचा नाही.

आमच्या टर्मिनलवर चालणाऱ्या बॅश या शेलच्या अधिकृत माहितीपुस्तिकेतही जवळजवळ प्रत्येक कामासाठी एलियसपेक्षा फंक्शन बरं, असा सल्ला आहे. तोही कधीकधी बंदीच्या बाजूनं पुढं केला जातो. तो सल्ला योग्य आहे, कारण एलियसला मधल्या जागी वर्ष किंवा फाइलचं नाव नीट घेता येत नाही, फंक्शनला येतं. पण फंक्शन म्हणजेही नाव देऊन जपून ठेवलेली कमांडच. पुस्तिका जपून ठेवण्याची चांगली रीत सांगते, जपून ठेवू नका असं म्हणत नाही. तसंच, बॅशमध्ये एलियस स्क्रिप्टच्या, म्हणजे एकामागून एक कमांड लिहून ठेवलेल्या फाइलच्या, आत आपोआप चालत नाहीत, म्हणून गोंधळ होतो, अशी तक्रार असते. फंक्शन लिहून ती फाइल स्क्रिप्टच्या सुरुवातीला वाचायला सांगितली की तोही प्रश्न मिटतो.

लघुरूप आणि समज यांचं वैर आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी तलाठ्याच्या कार्यालयाकडं बघावं. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा असं पूर्ण नाव घेऊन कुणी उतारा मागत नाही. सातबारा म्हटलं की काम होतं, आणि त्यात मालकी कुठं, पीकपाणी कुठं, बोजा कुठं, हे अंगठा उठवणाऱ्या म्हाताऱ्यालाही ठाऊक असतं. हे साधतं, कारण त्या दोन नमुन्यांत काय असावं हे सरकारी नियमात छापलेलं आहे आणि सगळ्या गावांत तेच आहे. घातक ठरतो तो एकाच्याच डोक्यात असलेला शॉर्टकट. आमच्या फाइलमध्ये प्रत्येक नावाच्या वर तीन ओळींचा शेरा असतो: काय करतं, अमुक आकडा का धरला, शेवटी कधी तपासलं. शेरा नसलेलं नाव फाइलमध्ये राहत नाही.

शेवटी कधी तपासलं, ही ओळ तशीच घातलेली नाही. शॉर्टकट शिळे होतात. वारणेचा विचार न करता कुणी कोयनेपुरती चौकट 17.3पासून ठरवून ठेवली असती, तर दक्षिणेकडचे धक्के नकाशात कधी दिसलेच नसते, आणि सोयीच्या नावाखाली चूक वर्षानुवर्षं चालू राहिली असती. म्हणून दरवर्षी जून उजाडण्याआधी ती फाइल सगळ्यांनी बसून वाचायची असते. हे कष्ट आहेतच, आणि योग्य जागी घेतलेले आहेत.

'जुन्या कमांड वर जाऊन शोधल्या की सापडतात, मग फाइल कशाला?' असं तरुण मंडळी म्हणतात. बॅश आपल्या मागच्या कमांड लक्षात ठेवतं, मूळ मर्यादा 500 ओळींची. त्यात बरोबर कमांड जशी असते तशाच तिच्या आधीच्या पाच चुकीच्याही असतात, आणि दोन्ही दिसायला सारख्या. घाईत वरचा बाण दाबून जी हाताला लागते ती चालवली जाते. यातली नवी आवृत्ती म्हणजे दरवेळी एआयला विचारणं. आज विचारलं तर एक ओळ, उद्या विचारलं तर तिच्यापेक्षा थोडी वेगळी, फिल्टर कधी एकदा कधी दोनदा. शिकताना विचारायला हरकत नाही. उत्तर मिळालं की तपासा, पटलं तर फाइलमध्ये लिहा, आणि मग रोज तेच वापरा.

1967च्या त्या पहाटे धरणाच्या भिंतीतल्या गॅलरीत एक त्वरणमापक बसवलेलं होतं. हादरा बसला की स्वतःहून चालू होणारं. गावात माणसांना उभं राहता येत नव्हतं, तेव्हा त्यानं भिंतीला बसलेला झटका टिपून घेतला. गुरुत्वाकर्षणाच्या सहा दशांशाहूनही अधिक त्वरण त्यात नोंदलं गेलं. धरणांची भूकंपसुरक्षा शिकणारे अभियंते जगभर आजही ती कोयनेची नोंद वापरतात. किती वेगानं नोंद घ्यायची, केव्हा सुरू करायची, हे सगळं कुणीतरी आधी शांतपणे ठरवून ठेवलं होतं, म्हणून ती नोंद मिळाली. आजही धक्का बसला की अर्ध्या तासात गावातून फोन सुरू होतात, कुठं झाला, किती खोल, आधीच्या जागेजवळ आहे का. त्या वेळी मुलांनी आठवून आठवून ओळी टाइप कराव्यात, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा त्या अर्ध्या तासात आमच्या खोलीत येऊन बसावं.

तेव्हा माझी मागणी अशी. कार्यशाळेची ती सूचना मागं घ्यावी. पुढच्या वर्षीपासून प्रात्यक्षिकाच्या जर्नलला प्रत्येक विद्यार्थ्याची शॉर्टकटची फाइल जोडलेली असावी, शेऱ्यांसह, आणि तिच्याशिवाय जर्नलवर सही होऊ नये. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी त्यातल्या कुठल्याही एका नावावर बोट ठेवावं आणि विचारावं: ही चौकट 17.0पासूनच का धरलीस, फिल्टर एकदाच का, यादीतला 2 क्रमांकाचा स्तंभ 1 क्रमांकाच्या आधी का घेतलास? उत्तर आलं तर गुण द्यावेत, न आलं तर कापावेत. आणि फाइलमध्ये एखादं नाव आरएम किंवा एलएसच्या जागी ठेवलेलं दिसलं, तर त्या विद्यार्थ्याला ती फाइल दुरुस्त करून दुसऱ्या दिवशी परत यायला सांगावं.